पुसलेल्या रेघा

सहावीच्या गणिताच्या वह्या मी शक्यतो घरी आणत नाही, पण त्या दिवशी आणल्या होत्या, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास एका वहीचं पान उलटताना बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. चौकटीची वही, पेन्सिलीने काढलेला चौरस, त्यात पट्टी लावून काढलेल्या एक उभी आणि एक आडवी अशा दोन रेघा, म्हणजे अधिकचं चिन्ह, चार सारखे भाग आणि खाली माझीच लाल शाईतली बरोबरची खूण. वरवर बघता त्या पानात काहीच गडबड नव्हती. पण त्या अधिकच्या खाली कागदावर वळ उठले होते, दाबून काढलेल्या आणि मग खोडरबरने घासून पुसलेल्या रेघांचे. पान टेबललॅम्पखाली तिरकं धरलं तेव्हा दिसलं, मधल्या एका बिंदूपासून निघून चार बाजूंना वळत वळत गेलेल्या चार नागमोडी रेघा. आणि मग मला सकाळचा तास आठवला आणि पोटात खड्डाच पडला.

सकाळी मी फळ्यावर लिहिलं होतं, चौरसाचे चार समान भाग करा. सोपाच प्रश्न, अपूर्णांकाच्या धड्याआधी हात चालावा म्हणून दिलेला. पोरं कामाला लागली आणि मी नेहमीसारखी बाकांच्या मधून फिरत होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या वहीत मला वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या आणि मी चालता चालताच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अरे रेघा सरळ काढ ना, पट्टी आहे ना कंपासमध्ये?" रागावून नाही हं, अगदी प्रेमाने. तो "हो बाई" म्हणाला, मी पुढच्या बाकाकडे गेले. पाच सेकंदंही लागली नसतील या सगळ्याला. मागे वळून आले तोवर त्याने खोडून अधिक काढलं होतं आणि मी खूण करून टाकली.

आता रात्री त्या वळांकडे नीट बघितल्यावर लक्षात आलं की त्या रेघा वाटेल तशा काढलेल्याच नव्हत्या. चौकटींच्या कोपऱ्यांवर बारीक बारीक ठिपके दिलेले होते. चौरस आठ बाय आठ चौकटींचा. मधल्या बिंदूपासून वरच्या रेघेचा पहिला ठिपका दोन घरं वर आणि एक घर उजवीकडे. उजव्या रेघेचा पहिला ठिपका दोन घरं उजवीकडे आणि एक घर खाली. खालच्या रेघेचा दोन घरं खाली आणि एक डावीकडे, डावीकडच्या रेघेचा दोन डावीकडे आणि एक वर. पुढचे ठिपकेही असेच. म्हणजे त्याने एक रेघ काढली होती आणि तीच रेघ घरं मोजून मोजून चौरसाच्या मध्याभोवती फिरवली होती, तीन वेळा, दर वेळी काटकोनात. मी घरातून ट्रेसिंग पेपर शोधून काढला, त्या वळांवरून हलक्या हाताने पेन्सिल फिरवली, तो कागद एका जाड कागदावर चिकटवला आणि कात्रीने चार तुकडे कापले.

चारही तुकडे एकावर एक ठेवले. बसले.

हाताने काढलेलं होतं त्यामुळे कुठे केसभर कागद बाहेर येत होता, पण आकार तोच, चारही वेळा तोच. आणि यामागचं गणित मला माहीत नाही अशातला भाग नाही. चौरसाच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंत कशीही रेघ काढा, नागमोडी, पायऱ्यांची, कशीही, मग तीच रेघ ९० अंशांतून एकदा, दोनदा, तीनदा फिरवा, रेघा एकमेकींना छेदल्या नाहीत की झाले चार तंतोतंत एकसारखे भाग. म्हणजे चौरसाचे चार समान भाग करायच्या रीती मोजता येणारच नाहीत, अगणित आहेत. हेच मी एखाद्या गणिताच्या पुस्तकात आकृतीसकट पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्गात उत्साहाने सांगितलं असतं, बघा किती सुंदर गोष्ट आहे म्हणून. पण ते माझ्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या वहीत होतं, आणि मी अधिकचं चिन्ह शोधत फिरत होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना ते अस्वच्छ काम वाटलं. तो चुकला असता आणि मी सुधारलं असतं तर ठीक होतं. तो बरोबर होता, माझ्या डोक्यातल्या उत्तरापेक्षा जास्त बरोबर होता, आणि मी त्याला त्याचं उत्तर स्वतःच्या हाताने पुसायला लावलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

जागेपणी मला आमचे इतिहासाचे सर आठवत राहिले. मी आठवीत असताना ते आम्हाला शिकवायचे. त्यांची एक सवय होती, प्रश्न विचारला की ते चष्मा काढायचे, खिशातून रुमाल काढायचे, आधी एक काच पुसायचे, मग दुसरी, मग चष्मा उजेडाकडे धरून बघायचे, आणि मगच डोळ्यांवर चढवून वर्गाकडे बघायचे. तोवर वर्ग चिडीचूप. आधी आम्हाला वाटायचं सरांच्या चष्म्यावर फारच धूळ बसते. पण त्या वेळात काय व्हायचं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, आधी डोक्यात पुस्तकातलं वाक्य यायचं, मग ते वाक्य थोडं फिकं वाटायला लागायचं, आणि मग त्याच्या मागून काहीतरी आपलं असं हळूच डोकं वर काढायचं. 'तो राजा हरला कारण' याच्या पुढे पुस्तकात तीन कारणं होती, पण चष्म्याची दुसरी काच पुसून होईपर्यंत माझ्या मनात आलेलं असायचं की त्याचे सैनिक किती दिवस चालत आले असतील, त्यांचे पाय कसे झाले असतील. मी एकदा ते बोलून दाखवलं. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी परत चष्मा काढला. आणि त्या शांततेत मागच्या बाकावरून आणखी कोणीतरी म्हणालं, आणि त्यांना खायला काय मिळत असेल. अख्खा तास मग त्यावरच गेला, सैन्य चालतं कसं, खातं काय, रसद तुटली तर काय होतं. चष्मा पुसणं मुद्दाम होतं हे मला फार नंतर, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास हे चक्क मोजलं होतं. विज्ञानाच्या तासांचं टेप रेकॉर्डिंग करून त्यांनी बघितलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. सरासरी उत्तर निघालं साधारण एक सेकंद. एक सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर देतात. आणि मुलाने उत्तर दिल्यावरही तेवढंच, सेकंदाच्या आत शिक्षकाची प्रतिक्रिया तयार. हे थांबणं तीन सेकंदांवर किंवा त्याच्या वर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, मुलं आपणहून बोलायला लागली, स्वतः प्रश्न विचारायला लागली, आणि ज्यांना वर्गात मंद समजलं जात होतं तीही बोलायला लागली. तीन सेकंद. बी.एड.ला असताना मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं, उत्तरपत्रिकेत लिहून मार्कही मिळवले होते. पण त्यातला दुसरा भाग, उत्तर आल्यानंतर थांबायचा, तो माझ्याकडून कायम निसटत आला. प्रश्न विचारून थांबायला मी शिकले, मनातल्या मनात आकडे मोजत. उत्तर आल्यावर मात्र माझी जीभ थांबत नाही, 'व्हेरी गुड', 'नाही नाही', 'जवळ आलास', काहीतरी लगेच बाहेर पडतंच. त्या मुलाच्या वहीपाशी मी तीन सेकंद उभी राहिले असते, फक्त बघत, तर ते ठिपके मला तेव्हाच दिसले असते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते चार तुकडे दाखवले. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या आणि मला खरंच खूप काही शिकवलेल्या एक बाई म्हणाल्या, "छान आहे गं, पण पस्तीस मिनिटांचा तास, चाळीसच्या वर पोरं, आणि पोर्शन कोण संपवणार? प्रत्येकाच्या वाकड्या रेघेत सर्जनशीलता शोधत बसलीस तर ज्यांना अजून सात आठे येत नाहीत त्यांचं काय?" त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकले नाही, आजही लावू शकत नाही. सात आठे चोपन्न लिहिणारा मुलगा वेगळा विचार करत नसतो, त्याला पाढा येत नसतो आणि त्याला तो यायलाच पाहिजे. प्रत्येक चुकीला 'वा, किती वेगळं' म्हणणं ही त्या मुलाची फसवणूक आहे असं मला मनापासून वाटतं. आणि हेही खरं की तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाला घरं मोजता येत होती, काटकोन कळत होता, वर-उजवीकडे-खाली-डावीकडे हे फिरणं डोक्यात पक्कं होतं, म्हणून तर त्याला ते सुचलं. हातात काही नसताना काही सुचत नाही. तरीपण बाईंच्या त्या प्रश्नाला माझं एक उत्तर होतं जे तेव्हा नीट शब्दांत आलं नाही, की मला वेगळा वेळ नकोच आहे, वेगळा तास नको, 'सर्जनशीलता दिवस' तर अजिबात नको. जे मुलं आधीच करतायत ते मी पुसायला लावू नये, एवढ्यासाठी पोर्शन कुठे आडवा येतो?

या वाटेवर मी पहिल्यांदा चालले तेव्हा फार चुकीच्या बाजूने चालले होते. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मला वाटायचं मोकळीक दिली की झालं. मराठीच्या तासाला मी वर्गाला म्हणाले, आज तुम्हाला हवं ते लिहा, काहीही लिहा. वीस मिनिटं झाली तरी निम्म्या वह्यांत नाव आणि तारीख, बाकीच्यांनी गाईडमधला पाठ केलेला निबंध उतरवलेला. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, काहीही म्हणजे काय लिहायचं ते सांगा ना." मला तेव्हा वाईट वाटलं होतं, थोडा रागही आला होता की यांना साधं आपल्या मनातलं लिहिता येत नाही. काही महिन्यांनी, खरं तर दुसरंच काहीतरी शिकवताना, क्रियापदांचा धडा होता, मी सहज म्हटलं की आपल्या वर्गाचं पाच ओळींत वर्णन करा, पण अट एकच, 'आहे' हा शब्द वापरायचा नाही. 'आहेत' नाही, 'होतं' नाही, 'असतो' पण नाही. आधी सगळे हसले, मग लिहायला लागले आणि अडकायला लागले. कारण आपण भिंत पिवळी आहे, खिडकी मोठी आहे, बाक जुने आहेत असंच लिहितो, आणि आता तो रस्ता बंद. पेन्सिली चावल्या गेल्या, खोडाखोड झाली, शेजारच्याला कोपर मारून विचारणं झालं. आणि मग वह्यांत जे आलं ते वाचताना मी उभीच राहिले. एकाने लिहिलं होतं, घंटा होते तेव्हा भिंतीसुद्धा दप्तर भरतात. एकीने लिहिलं, आमचा पंखा फिरताना कुरकुरतो आणि गणिताच्या तासाला जास्तच कुरकुरतो. आणि काहीही म्हणजे काय विचारणाऱ्या त्या मुलीने लिहिलं, माझ्या बाकावर माझ्याआधी बसलेल्या सगळ्यांची नावं राहतात. ते 'राहतात' वाचून मी तिच्याकडे बघितलं तर ती खाली मान घालून पुढची ओळ लिहीत होती.

एक दार बंद केल्यावर ती इतक्या वाटांनी बाहेर आली याचं मला त्या दिवशी जे आश्चर्य वाटलं ते अजून संपलेलं नाही. मैदान मोकळं दिलं की मुलं मधोमध उभी राहतात, आणि एक छोटी अडचण मधे आणून ठेवली की तिला वळसा घालताना पळायला लागतात. फक्त ती अडचण मला स्वतःला उत्तर माहीत नसलेली हवी. 'आहे' न वापरता भिंतीबद्दल काय लिहायचं हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून मी वाचायला उत्सुक होते, आणि मुलांना शिक्षकाची ती उत्सुकता खरी की नाटकी हे लगेच कळतं. चौरसाच्या बाबतीत मला उत्तर माहीत होतं, सगळा घोटाळा तिथे झाला.

एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेला एक प्रयोग मी वाचला होता, तो मला तेव्हापासून डाचतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी नळ्यांचं एक खेळणं बनवलं, त्यात चार गमती लपवलेल्या. एक नळी ओढली की चीं आवाज यायचा, कुठे दिवा लागायचा, कुठे सूर वाजायचे, एका नळीत आरसा होता. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवल्यासारखं दाखवलं, हे बघ, हे असं चालतं, आणि आवाजाची नळी ओढली. काहींच्या समोर तीच नळी चुकून ओढल्यासारखं केलं, अरेच्चा, हे काय झालं! ज्यांना व्यवस्थित शिकवलं ती मुलं नंतर एकट्याने कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमतीही त्यांना कमी सापडल्या. मुलांचा यात काहीच दोष नाही. ती अगदी शहाण्यासारखं वागली, एवढ्या जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली म्हणजे या खेळण्यात तेवढंच असणार. ही तर माझ्यावरच्या विश्वासाची गोष्ट आहे, आणि म्हणून जास्त जड वाटते. मी फळ्यावर पहिला चौरस काढून त्यात अधिक काढून दाखवते तेव्हा चाळीस मुलं माझ्यावर विश्वास ठेवून समजतात की चौरसात तेवढंच आहे. शिकवायचं तर आहेच, न दाखवता कसं शिकवणार, भागाकाराची रीत काय पोरांनी स्वतः शोधून काढायची? पण काही गोष्टी दाखवायच्या आधी त्यांच्या हातात द्यायच्या, आणि कुठल्या गोष्टी आधी द्यायच्या हे ओळखायचं, एवढं मला हळूहळू जमायला लागलं होतं असं वाटत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

स्टिकरचीही अशीच गोष्ट. सोनेरी चांदण्यांची एक पट्टी माझ्या पर्समध्ये कायम असायची. गोष्ट लिहून आणणाऱ्याला एक चांदणी, चित्र काढलं तर दोन. पहिला आठवडा वर्ग नुसता उसळला होता. मग गोष्टी लहान होत गेल्या. एक मुलगा, जो त्याआधी स्वतःहून मागच्या पानांवर एका बोलणाऱ्या बुटाची लांबलचक गोष्ट लिहीत होता, भागांमध्ये, पुढचा भाग उद्या असं खाली लिहून, तो एक दिवस पाच ओळी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, एवढ्याला चांदणी मिळेल ना?" बुटाची गोष्ट अर्धवटच राहिली. पुढे मला कळलं की यावर तर १९७३ सालीच प्रयोग झालेला आहे, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा. चित्र काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी ठसा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत मार्कर नुसते ठेवले, बक्षीस वगैरे काही नाही. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे कौतुक करण्यात विष नाहीये, 'हे केलंस तर ते देईन' या कबुलीत आहे. हे वाचल्यावर मी ती चांदण्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. पण त्या बुटाचं पुढे काय झालं हे मला कधीच कळणार नाही. मी त्याला दोनदा विचारलं होतं, तो म्हणाला, विसरलो बाई.

आणि एक गोष्ट लिहायला जड जाते पण लिहिते. तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा माझ्या आवडत्या मुलांपैकी नाही. नव्हता. तो मधेच भलतंच विचारतो, सूचना अर्ध्या ऐकतो, वहीत समास सोडत नाही, आणि वर्ग एका लयीत चाललेला असताना त्याचा हात वर आला की मला आतून थकल्यासारखं होतं. एरिक वेस्टबी आणि डॉसन यांनी १९९५ मध्ये शिक्षकांना त्यांच्या सगळ्यात आवडत्या आणि सगळ्यात नावडत्या विद्यार्थ्यांचे गुण नोंदवायला सांगितले होते. सर्जनशील मुलं आम्हाला आवडतात असं ते शिक्षक म्हणत होते, पण त्यांची आवडती मुलं सर्जनशील मुलांच्या वर्णनापासून लांब निघाली आणि नावडती त्या वर्णनाच्या जवळ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते दुसऱ्या शिक्षकांबद्दल वाटलं होतं. मी त्याची वही बघण्याआधी त्याला बघितलं होतं, हे खरं आहे. त्याच रेघा पहिल्या बाकावरच्या, स्वच्छ वही ठेवणाऱ्या मुलीच्या पानावर असत्या तर मी विचारलं असतं, हे काय काढलंयस गं? त्याला मी विचारलं नाही, सांगितलं.

मग मी त्याच्याशी बोलले. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, त्याच्या बाकावर ते चार तुकडे ठेवले. आधी त्याला वाटलं काहीतरी चुकलंय, तो उभाच राहिला. मी म्हटलं, बस, हे तुझंच आहे, तू खोडलेलं. त्याने तुकडे उचलून एकावर एक ठेवले, फिरवले, परत चौरस जुळवला, मग एक तुकडा उलटा करून लावून बघितला, तो बसेना, तेव्हा जरासा हसला. मी विचारलं, हे सुचलं कसं तुला? त्याने खांदे उडवले. मी थांबले. खरंच थांबले, मनात आकडे मोजत, एक, दोन, तीन, चार. सातच्या आसपास तो म्हणाला, "ते भिरभिरं होतं. कागदाचं. त्याची पाती सारखी असतात ना, नाहीतर ते नीट फिरत नाही." आणि मग थोड्या वेळाने, "पण बाई, ते तर चुकलं होतं ना?"

जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेघेटो यांनी २००९ मध्ये सर्जनशीलतेचे चार स्तर मांडले, त्यातला सगळ्यात छोटा स्तर असा की जगाला ती गोष्ट आधीच माहीत असेल, पण त्या मुलाच्या मनात ती पहिल्यांदाच उगवलेली असते. जगभरातल्या गणितज्ञांना हे भिरभिरं माहीत आहे. त्याला ते सहावीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, पेन्सिल हातात असताना सापडलं होतं, आणि जे सापडलं ते आपलं आहे हे कळायच्या आत त्याने रबर उचललं होतं. मी त्याला सांगितलं की ते चुकलं नव्हतं, माझं बघणं चुकलं होतं. मुलासमोर असं म्हणताना माझा आवाज जरा विचित्र झाला असावा, कारण तो माझ्याकडे न बघता तुकडेच फिरवत राहिला. नंतर वर्गातही दाखवलं, त्याचं नाव घेऊन, आणि सगळ्यांनी आपापली भिरभिरी काढली, काहींच्या रेघा एकमेकींवर चढल्या, मग त्या का चढल्या यावर भांडणं झाली, तो तास फार छान गेला. त्याने मात्र त्या तासात नवीन काही काढलं नाही. इतरांचं बघत बसला होता. वाईट वाटल्यासारखा नव्हता, खूश झाल्यासारखाही नव्हता.

गेल्या आठवड्यात घटक चाचणी झाली. मी मुद्दाम तोच प्रश्न घातला होता, चौरसाचे चार समान भाग करा, कोणत्याही प्रकारे, आणि 'कोणत्याही प्रकारे' याच्याखाली रेघ मारली होती. काल रात्री पेपर तपासले. अकरा जणांनी भिरभिरं काढलंय, एकीने तर पायऱ्यापायऱ्यांचं, इतकं नेटकं की मी ते परत परत बघितलं. त्याचा पेपर मी शेवटी ठेवला होता. पट्टी लावून, दोन सरळ रेघा, अधिकचं चिन्ह, आणि या वेळी समाससुद्धा सोडलेला. पूर्ण मार्क. मी पान टेबललॅम्पखाली तिरकं धरलं, बोटही फिरवून बघितलं. कागद सपाट होता.

सोमवारी तिसरा तास माझा आहे. वर्तुळ देणार आहे, तीन समान भाग, आणि त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहणार आहे, काही न बोलता.